डबे मळवायचे कसे? एचओ वॅगनींचं वेदरिंग, एअरब्रश आणि मुंबईची दमट हवा

सांधेवाला

एचओ (१:८७) मॉडेल रेल्वेच्या वॅगनी, डबे, इंजिनं रंगवण्यावर इथे भरपूर लिहून झालंय. रंगवून झाल्यावर ती मळवायची कशी, म्हणजे वेदरिंग कसं करायचं, यावर मात्र सलग काही सापडत नाही. फुटकळ प्रश्न, फुटकळ उत्तरं. म्हणून हा धागा. मी बॉक्सएनपासून, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वॅगनीपासून, सुरुवात करतो, कारण हात बसायला ती सगळ्यात सोपी. टँकर, प्रवासी डबे, इंजिनं यांच्यावर जाणकारांनी भर घालावी.

वॅगनीवर घाण तीन वाटांनी येते. काही उडून बसते: खडीची धूळ, ब्रेकची भुकटी, धूर, पँटोग्राफची काजळी. काही ओघळते: गंजाचं पाणी, तेल. आणि काही ठिकाणी घाण येत नाही, उलट रंगच घासून जातो. एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार) फक्त पहिल्या वाटेसाठी आहे. ओघळ एअरब्रशने काढू गेलात की कडा धूसर होतात आणि वॅगन मळलेली न दिसता धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. ओघळाला तैलरंग आणि बारीक ब्रश, घासल्या जागांना स्पंजचा तुकडा. नव्वद टक्के फसलेली कामं ही वाटणी न केल्यामुळे फसतात, असं माझं ठाम मत.

रंग हातात घ्यायच्या आधी वॅगनीचं वय ठरवा. भारतीय रेल्वेच्या वॅगनीवर ११ आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वॅगनीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटचा तपासणीचा आकडा. तुमच्या डिकॅलवर (मॉडेलवर चिकटवायच्या नंबरपट्टीवर) पाचवा-सहावा २१ असेल आणि बाजू गंजाने खाल्लेल्या दाखवल्या असतील, तर वॅगनी ओळखणाऱ्याला ते लगेच खटकतं. उलट ०३ असेल तर कोरी ठेवू नका. पीओएचची (ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख लिहिलेला चौकोन मात्र जुन्या वॅगनीवरही ताजा दिसू शकतो, कारण तो वर्कशॉपात नव्याने रंगवतात. मळवण्याआधी त्या चौकोनावर टेप लावा, शेवटी काढा. एवढ्या एका गोष्टीने वॅगन खरी वाटायला लागते.

आता क्रम. चाकं आणि बोगी (चाकं धरणारा सांगाडा) काढा. बॉडी भांड्यांच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात जुन्या मऊ टूथब्रशने धुवा आणि त्यानंतर बोट लावू नका. डिकॅल बसल्यावर सॅटिन वार्निशचा एक पातळ हात. हा हात टाळला तर पुढचा तैलरंगाचा वॉश (टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रंग) मॅट रंगात शोषला जातो, डाग पडतात, पुसताही येत नाहीत. वार्निश कोरड्या दिवसांत २४ तास वाळवा, पावसाळ्यात ४८.

पहिला थर रंग फिका करण्याचा. वॅगनीचा मूळ रंग ४ थेंब, तामिया कंपनीचा एक्सएफ-५७ बफ २ थेंब, एक्स-२०ए थिनर ४० ते ५० थेंब. म्हणजे जवळजवळ रंगीत पाणीच. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ६ सेंटिमीटर, उभ्या पट्ट्यांच्या मधल्या पत्र्यावर फवारा, पट्टीच्या कडेला नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच दिसणार नाही. दिसत नाही म्हणून ट्रिगर जास्त मागे ओढू नका, तिसऱ्या-चौथ्या फेरीला उमटतं.

दुसरा थर खालच्या धुळीचा. एक्सएफ-६३ जर्मन ग्रे २ भाग, एक्सएफ-१० फ्लॅट ब्राऊन १ भाग, एक्सएफ-५७ बफ १ भाग. मिश्रणाच्या एका भागाला थिनर ५ ते ६ भाग. अंतर १० ते १२ सेंटिमीटर. खरी धूळ चाकांनी खालून वर उडवलेली असते, त्यामुळे फवाराही रुळाच्या पातळीवरून किंचित वर तोंड करून मारायचा. वरून मारलात तर धूळ आभाळातून पडल्यासारखी दिसते. सोलबारपर्यंत (बॉडीखालच्या लांब तुळईपर्यंत) दाट, बाजूच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात विरळ आणि तिथेच संपली पाहिजे.

बाकी पुढच्या प्रतिसादात.

हिरवा_बावटा

वाचनखूण साठवली. प्रश्न अगदी मुळातले आहेत. एअरब्रश ०.२ मिलिमीटर नोझलचा घ्यावा की ०.३ चा? कॉम्प्रेसर कुठला? दोन खोल्यांचं घर आहे, रात्री १० नंतरच वेळ मिळतो, शेजारी भिंतीला भिंत लावून. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर चालेल का?

कुर्ला_कारशेड

०.३ घ्या. मॅट रंगात भुकटीचे कण जाड असतात, ०.२ च्या नोझलमध्ये ते दर पाच मिनिटांनी अडकतात. वेदरिंगला केसासारखी रेघ लागतच नाही, लागतो तो मऊ, फिका फवारा. ड्युअल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वरून कप असलेला. वरचा कप अशासाठी की रंग आपल्या वजनाने खाली येतो, त्यामुळे कमी दाबावरही काम होतं आणि ८-१० थेंबांतही भागतं. सिंगल ॲक्शन घेऊ नका. त्यात हवा सुरू झाली की रंगही सुटतो, आणि वेदरिंगमध्ये हवा आधी, रंग नंतर, मग रंग बंद, हवा शेवटी असाच क्रम लागतो. नाहीतर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी थेंब उडतो.

कॉम्प्रेसर टाकीवालाच. ३ लिटरची टाकी पुरते. टाकी नसलेल्यात पंपाच्या प्रत्येक ठोक्याला दाब हलतो आणि १२ पीएसआयवर ते कामात दिसतं. शिवाय तो सतत चालतो, तापतो, गरम हवा होजमध्ये थंड होते आणि पाणी सुटतं. टाकीवाला ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होतो. १२-१५ पीएसआयवर सलग फवारलं तर भरलेली टाकी एक-दोन मिनिटंच पुरते, मग पंप पुन्हा सुरू होतो. रात्रीसाठी युक्ती: खाली जाड रबरी चटई घाला. शेजाऱ्यांना आवाजापेक्षा फरशीतून जाणारी थरथर जास्त जाचते.

फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरवर बनवलेले सेट भंगार बाजारात मिळतात आणि ते खरंच मुके असतात. पण त्यातून हवेबरोबर तेलाचे बारीक कण येतात. तेलाचा फिल्टर लावल्याशिवाय वापरलात तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात.

जोडण्यांचा घोळ आधीच सांगतो. बहुतेक एअरब्रशला १/८ बीएसपी (पाइपच्या आट्यांचं माप) आटे असतात, कॉम्प्रेसरच्या बाजूला बऱ्याचदा १/४. रिड्युसर, रेग्युलेटर, टेफ्लॉन टेप सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. जाताना होज आणि एअरब्रश दोन्ही बरोबर न्या, तोंडी माप सांगून आणलेला नट घरी बसत नाही.

आजीचा_चष्मा

दमटपणावर कोणी बोललं नाही, आणि मुंबईत तोच खरा खलनायक.

पाण्याचा सापळा कॉम्प्रेसरवर असतोच, पण त्याच्या पुढच्या दोन-तीन मीटर होजमध्येही पाणी सुटतं. म्हणून दुसरा छोटा सापळा थेट एअरब्रशच्या हँडलखाली लावा. टाकीचा तळाचा कॉक रोज काम संपल्यावर उघडा. जुलैत त्यातून चमचाभर तरी गढूळ पाणी निघेल. ते टाकीत राहिलं तर आतून गंज धरतो.

सगळ्यात घातक म्हणजे मॅट वार्निशचे स्प्रे कॅन. वार्निशमधलं द्रावण भरकन उडतं, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि वार्निश दुधाळ पांढरं होतं. काळ्या बोगीवर तर चुना मारल्यासारखं दिसतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हातात घेऊ नये. आर्द्रता मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं, ते फवाऱ्याच्या जागी ठेवा, हॉलमध्ये नको. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवून मग काम करा. नसेल तर पावसाळ्यात वार्निशसुद्धा पाण्यावर चालणारं घ्या आणि एअरब्रशनेच मारा. ते पांढरं होण्याची भीती फार कमी, फक्त वाळायला वेळ घेतं.

झालंच पांढरं तर घाबरू नका आणि लगेच खरवडू नका. कोरड्या दिवशी त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात मारा. बहुतेक वेळा दुधाळपणा पारदर्शक होतो. मग पुन्हा मॅट.

उन्हाळ्यात उलटा त्रास. मे महिन्यात पंख्याखाली रंग नोझलच्या टोकावरच वाळतो. मिश्रणात रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला, दर १० थेंबांना १ थेंब. त्याहून जास्त घातलं तर रंग दिवसभर चिकट राहतो. पंखा बंद. घाम येईल, इलाज नाही.

ठाकुर्ली

सांधेवाला, क्रम उत्तम मांडलाय. धुळीच्या रंगाबद्दल मात्र माझा वेगळा सूर आहे.

तुमचं करडं-तपकिरी मिश्रण मुंबईच्या बेसॉल्ट खडीला जुळतं, कबूल. पण बॉक्सएन मुंबईची थोडीच असते? मालवाहू वॅगनी देशभर फिरतात. एकाच रेकमध्ये (जोडलेल्या वॅगनींच्या गाडीत) कोळसा खाणींची काळी भुकटी, लोहखनिजाची लाली आणि सिमेंटची राख शेजारी शेजारी दिसते. म्हणून सगळ्या वॅगनी एकाच कपातल्या रंगाने फवारल्या तर रेक खोटा वाटतो. पायाचं मिश्रण एक ठेवा आणि दर तीन-चार वॅगनींना त्यात एक थेंब बदला. कुठे एक्सएफ-६४ रेड ब्राऊन, कुठे एक्सएफ-६९ नेटो ब्लॅक, कुठे थोडा जास्त बफ. एकदम दहा वॅगनींचा रेक करणार असाल तर क्रमाने करू नका, नाहीतर पहिल्यापासून दहाव्यापर्यंत रंग सरकत गेलेला दिसतो.

मुंबईची धूळ जशीच्या तशी चालते ती लोकलला. ती उपनगरी मार्ग सोडून जात नाही. आणि कोकण रेल्वेचं काही करत असाल तर जांभ्याची लाल धूळ हवी: एक्सएफ-६४ दोन भाग, एक्सएफ-५२ अर्थ एक भाग.

ब्रेकच्या भुकटीचंही तसंच. जुन्या बिडाच्या ब्रेक ब्लॉकची भुकटी म्हणजे लोखंडाचे कण, ते गंजतात आणि बोगीवर नारिंगी-तपकिरी थर बसतो. कॉम्पोझिशन ब्लॉकची भुकटी काळपट करडी. तुमचं मॉडेल जुन्या काळातलं असेल तर बोगी तपकिरी, आजचं असेल तर करडी. परदेशी व्हिडिओ पाहून सरसकट नारिंगी बोगी केलेल्या आजच्या वॅगनी दिसतात, त्या त्यामुळेच खटकतात. आणि एलएचबी (नव्या बनावटीच्या प्रवासी) डब्यांना डिस्क ब्रेक असतात, तिथे चाकाच्या कडेने ब्लॉकच नाही, तेव्हा त्यांच्या फियाट बोगीवर ब्रेकची भुकटी जवळजवळ टाळा, नुसती धूळ द्या.

सांधेवाला

ठाकुर्ली, रेकचा मुद्दा एकशे एक टक्के मान्य. माझं मिश्रण पाया म्हणूनच धरावं.

पुढे. वॅगनीच्या टोकाच्या भिंती लोक विसरतात. ओल्या रुळावरून जाताना चाकं पाणी आणि चिखल उभा उडवतात, म्हणून टोकाच्या भिंतीवर दोन चाकांच्या रेषेत दोन उभे मळकट पट्टे उमटतात. जाड कागदात ४ मिलिमीटर रुंदीची उभी फट कापा, कागद भिंतीपासून २-३ मिलिमीटर दूर धरा म्हणजे कडा मऊ येते, आणि खालून वर विरत जाणारी एकच फेरी मारा. दोन पट्ट्यांत साधारण १६ मिलिमीटर अंतर, म्हणजे आपल्या रुळाइतकंच.

मग तैलरंग. कॅमलची बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना एवढ्या दोन ट्यूब वर्षानुवर्षं पुरतात. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास पसरून ठेवा. पुठ्ठा जास्तीचं जवस तेल पितो, रंग लवकर वाळतो आणि मॅट बसतो. बाजूच्या पट्टीखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका द्या, पाच मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढा. ब्रश प्रत्येक ओढीनंतर चिंधीला पुसा. हे न केल्यास तिसऱ्या ओढीपासून ओघळ नाही, चिखल होतो.

मोजमापाचं भान ठेवा. एचओ म्हणजे १:८७. बॉक्सएन जेमतेम १२ सेंटिमीटरची. त्यावर ०.३ मिलिमीटरचा गंजाचा ठिपका म्हणजे खऱ्या वॅगनीवर २६ मिलिमीटरचं भगदाड. स्पंजने रंग उडालेला दाखवताना स्पंज आधी कागदावर टिपून टिपून एवढा कोरडा करा की कागदावर काही उमटेनासं होईल. मग वॅगनीवर.

खडीफोड्या

बॉक्सएनच्या आतल्या बाजूसाठी हेअरस्प्रे पद्धत कोणी का सुचवली नाही? गंजाचा थर, त्यावर वार्निश, हेअरस्प्रेचे दोन हात, वर वॅगनीचा रंग आणि मग ओल्या ब्रशने घासून रंग उडवायचा. रणगाड्यांवर हीच पद्धत सर्रास वापरतात.

सांधेवाला

रणगाडे १:३५ चे असतात. १:८७ मध्ये हेअरस्प्रेने उडणारे टवके बाहेरच्या बाजूवर ढोबळ दिसतात. पण आतल्या बाजूला, तुम्ही म्हणता तसं, ती चालते. कोळसा भरताना-उतरताना आतला पत्रा खरवडला जातो, तिथे रंग फारसा उरतच नाही.

करणारच असाल तर चार पथ्यं. वरचा रंग थिनरने नाही, पाण्याने पातळ करा, कारण थिनर हेअरस्प्रे विरघळवतो. वरचा थर पातळच हवा. घासायचं काम अर्ध्या ते एका तासात उरका, दुसऱ्या दिवशीवर टाकलं तर टवके निघत नाहीत, सालं निघतात. आणि पावसाळ्यात हा खेळ टाळा, हेअरस्प्रे चिकटच राहतो. मिठाची पद्धत तर त्या दिवसांत विचारूच नका, बारीक मीठ फवारा मारायच्या आधीच पाणी सोडतं.

त्यापेक्षा सोपं सांगू? आतून आधी एक्सएफ-६४ आणि एक्सएफ-९ हल रेड निम्मं निम्मं. वाळल्यावर कोपऱ्यांत आणि तळाच्या कडेला एक्सएफ-६९ चा पातळ फवारा. झालं. कोळशाचा भार भरणार असाल तर त्यातलं निम्मं झाकलंच जाणार आहे.

हिरवा_बावटा

भारासाठी इस्त्रीवाल्याकडचा कोळसा कुटून चालेल का?

कुर्ला_कारशेड

तो लोणारी कोळसा. हलका असतो, पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर तरंगतो आणि वाळल्यावर नुसता सपाट काळा दिसतो. दगडी कोळशाच्या तुकड्यांना बारीक चमक असते, तीच हवी. दगडी कोळसा मिळाला तर फडक्यात गुंडाळून हातोडीने कुटा, चहाच्या गाळणीने चाळा, गाळणीत वर राहिलेलं घ्या, खाली पडलेली भुकटी कडेच्या काजळीला वापरा. फेव्हिकॉल १ भाग, पाणी ३ भाग, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब नसेल तर पाणी कोळशावर मण्यासारखं उभं राहतं, आत जिरत नाही. गाळणी पुन्हा चहाला नको, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी_घंटा

टँकरचं मी घेतो. माहुल-ट्रॉम्बेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे मुंबईकरांना बीटीपीएन (तेलाच्या टाकी-वॅगनी) चांगल्या ओळखीच्या.

आधी ठरवा, टाकीत काय जातं. फर्नेस ऑइलसारखं काळं तेल असेल तर वरच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना जाड, काळे, चकचकीत ओघळ. पेट्रोल-डिझेल असेल तर काळे ओघळ नकोत, मागे राहतो तो धूळ पकडलेला फिकट-मळकट पट्टा. एलपीजीच्या बीटीपीजीएलएनला ओघळ काढायचेच नाहीत. ती दाबाची बंद टाकी, बंद वाल्व्हमधून भरते, वरून सांडायचा प्रश्नच नाही. पांढऱ्या गॅस टँकरवर काळे ओघळ काढलेली मॉडेलं पाहिली की हात शिवशिवतात.

इथे क्रम उलटा. सगळं धुळीचं काम, सगळं मॅट वार्निश आधी संपवा. ओघळ सगळ्यात शेवटी, त्यांच्यावर मॅट नको. तामियाचा एक्स-१९ स्मोक २ भाग आणि एक्सएफ-१ फ्लॅट ब्लॅक १ भाग, हे ब्रशने, वरून खाली, टाकीच्या गोलाईप्रमाणे. टाकीच्या सगळ्यात रुंद जागेपर्यंत ओघळ पत्र्याला धरून येतो, त्याखाली पत्रा आत वळतो, तिथून तो बारीक होतो किंवा तुटून खालच्या फ्रेमवर ठिबकतो. फ्रेमवर दोन-चार काळे ठिपके टाकायला विसरू नका. मग ओघळाच्या कडेला, मधोमध नाही, बफ पेस्टलची चिमूटभर भुकटी. ओल्या तेलावर धूळ बसते ती कडेलाच, जिथे तेल वाळत चाललेलं असतं.

आजीचा_चष्मा

पेस्टल भुकटीबद्दल थोडं. सॉफ्ट पेस्टल घ्या, तेलकट ऑइल पेस्टल चालत नाहीत. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. भुकटी मॅट पृष्ठभागालाच धरते, सॅटिनवर घसरते. आणि वर वार्निश मारलं की तिचा बराचसा रंग गायब होतो. म्हणून एकतर वार्निश मारूच नका आणि डबा बोगीला धरूनच उचला, किंवा हवी त्यापेक्षा जास्त भुकटी लावून मग मारा.

ठाकुर्ली

प्रवासी डब्यांवर कोणी येईना, म्हणून मीच.

डबे धुतले जातात, वॅगनी नाहीत. सगळा फरक इथून सुरू होतो. धुणाऱ्याचा किंवा मशीनचा ब्रश बाजूंच्या सपाट पत्र्यावर फिरतो; खिडकीच्या कडा, दारांची खोबण, डब्याची टोकं आणि छत इथे नीट पोचत नाही. म्हणजे बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, कोपरे मळके. हे साधायला आधी घाण लावून मग पुसणं हीच पद्धत. बर्न्ट अंबर आणि लॅम्प ब्लॅक तैलरंग टर्पेंटाइनमध्ये दुधाइतका पातळ करून अख्खी बाजू फवारा. दहा मिनिटांनी टर्पेंटाइन लावून पिळलेल्या इअरबडने वरून खाली पुसा, कडा सोडून. खाली ॲक्रिलिक वार्निश पक्कं वाळलेलं असेल तर मूळ रंगाला धक्का लागत नाही. ॲक्रिलिक घाण फवारून अल्कोहोलने पुसायला गेलात तर निळ्या रंगासकट निघून येईल.

आयसीएफ (जुन्या बनावटीच्या) डब्याचा गंज कुठेही काढू नका. तो संडासाच्या बाजूला, पत्रा खाली आत वळतो तिथे आणि सोलबारला धरतो, कारण पाणी तिथेच मुरतं. खिडकीखालचे पानाचे डाग काढायचा मोह होणार, मुंबई आहे. एका डब्याला एकच, दाराजवळ. पूर्ण गाडीला काढलेत तर विनोद होतो.

डबल_हेडर

विजेच्या इंजिनांच्या छतावर एवढंच लिहितो: पँटोग्राफच्या कार्बन पट्टीची काजळी छताच्या मध्यभागी, पँटोग्राफच्या दोन्ही बाजूंना लांबट पसरते. एक्सएफ-६९, एका भागाला आठ भाग थिनर, १२ पीएसआय, छताच्या लांबीच्या दिशेने. इन्सुलेटर मात्र झाकून घ्या. शेडमध्ये ते पुसून स्वच्छ ठेवतात, मळका इन्सुलेटर विजेला वाट देतो. छत काळं आणि इन्सुलेटर स्वच्छ, असा विरोधाभास दिसला पाहिजे.

इंजिनाच्या चाकांसाठी युक्ती. चाकं स्थिर ठेवून फवारलीत तर ब्रेकच्या सांगाड्याआडचा भाग कोरा राहतो आणि गाडी पहिल्यांदा फिरली की चाकावर पांढरी चकती दिसते. इंजिन उलटं फोमच्या खाचेत ठेवा, कंट्रोलरच्या दोन तारा चाकांना लावून हळू फिरवा आणि फिरत असतानाच फवारा. लगेच, रंग ओला असतानाच, चाकांच्या कडा अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. वीज उचलणाऱ्या पितळी पट्ट्यांवर आधीच टेपचा बारीक तुकडा लावा, तारा फिरत्या चाकावरच धरा. तिथे रंग राहिला तर इंजिन रुळावर अडखळतं आणि माणूस डिकोडरला (इंजिनातल्या कंट्रोलच्या सर्किटला) दोष देत बसतो.

हिरवा_बावटा

दोन अडचणी. एक, व्हॅलेहो कंपनीच्या रंगात आयसोप्रोपिल (अल्कोहोल) घातलं तर दह्यासारखं फाटलं. दोन, टर्पेंटाइनचा वॉश दिल्यावर बीसीएनएची (छत असलेल्या बंद वॅगनीची) बारीक शिडी दुसऱ्या दिवशी आपोआप तुटली. आणि कपात बुडबुडे येतात, ते का?

कुर्ला_कारशेड

आयसोप्रोपिल तामियाला चालतं, व्हॅलेहोला नाही. त्याचा बाइंडर अल्कोहोलमध्ये गोळा होतो. त्याला त्याचंच थिनर. दोन्ही कंपन्यांचे रंग एका कपात मिसळू नका. कपात आता जे फाटलंय ते एअरब्रशमधून ढकलायचा प्रयत्न नको, ओतून टाका, नोझल काढून धुवा.

शिडी तुटली कारण ती ताण देऊन बसवलेली होती. ताणाखालच्या प्लॅस्टिकच्या सांध्यात टर्पेंटाइन साचलं की तिथे चीर जाते. वॉश नेहमी वार्निश केलेल्या पृष्ठभागावरच द्या. शिडी, हँडरेल, कपलरच्या खाचा इथे साचलेला थेंब कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या.

कपात बुडबुडे म्हणजे हवा मागे येतेय. पहिली शंका नोझल नीट न बसल्याची, दुसरी नोझलला चीर गेल्याची. नोझल बोटांनी, स्पॅनरने अगदी हलका आवळा. ०.३ चं नोझल केसाएवढ्या आट्यांचं असतं, जोर लावलात की तुटून आत अडकतं. बाकीच्या खुणाही एकदाच सांगून टाकतो. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर फार पातळ, फार जवळ किंवा दाब जास्त. खरबरीत, पावडर मारल्यासारखा लागला तर फार लांबून मारताय, रंग वाटेतच वाळतोय. ठिपके उडत असतील तर सुईच्या टोकावर वाळलेला रंग आहे, थिनर लावलेल्या इअरबडने टोक पुसा, सुई बाहेर काढायची गरज नाही.

आजीचा_चष्मा

हवेबद्दल, कारण घरं लहान आहेत. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. टर्पेंटाइन, लॅकर फवारणार असाल तर ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिजवाला मास्कच हवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ६ इंची एक्झॉस्ट पंखा बसवून नळी खिडकीबाहेर काढतात, ठीक आहे, पण फवाऱ्याच्या मार्गात मोटर असेल आणि लॅकर मारत असाल तर ठिणगीचा धोका आहे. तशा पंख्यावर फक्त पाण्याचे रंग. आयसोप्रोपिल असो की टर्पेंटाइन, फवारताना गॅस बंद, देवघरातली समई शांत झालेली. आणि नळीचं तोंड शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे नको.

सांधेवाला

आयसोप्रोपिल प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात लिटरवर मिळतं, मेडिकलमधल्या छोट्या बाटल्यांपेक्षा खूप स्वस्त पडतं. ९९ टक्क्यांचं मागा. ७० टक्क्यांचं सॅनिटायझरसाठी असतं, त्यातल्या पाण्याने तामियाचा रंग वाळायला वेळ लागतो.

शेवटची सफाई. काम संपलं की कपात थिनर घालून पांढऱ्या कागदावर फवारा, रंग दिसेनासा होईपर्यंत. मग सुई मागून ओढून काढा, पुसा, टोक बोटावर टेकवून वाकलंय का पाहा, परत घालताना जोर लावू नका. रंगाच्या दुकानातलं एनसी (लॅकरचं) थिनर फक्त धातूच्या भागांना आणि तेही थोडा वेळ. रबराच्या ओ-रिंग त्यात फुगतात. आणि ते प्लॅस्टिकच्या वॅगनीच्या जवळपास ठेवू नका, एक थेंब पडला की पत्रा वितळून लोण्यासारखा होतो.

बीसीएनएच्या छतावर आणि दरवाज्यांच्या सरकपट्टीवर पुढच्या आठवड्यात लिहितो. सिमेंट वाहणाऱ्या वॅगनीचे कोणाकडे स्वतः काढलेले फोटो असतील तर इथे टाका. दाराच्या खालची कडा आणि छताची सांध दिसली पाहिजे.